दोन अण्णांची एक फाइल

मी अंतिम विभागाकडे दिलेल्या एका संग्रहाच्या यादीत एकही प्रश्नचिन्ह नव्हतं. तेव्हा मला त्याचा अभिमान होता. प्रत्येक नोंदीला तारीख, प्रत्येक पत्राला लिहिणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव. कुठे 'बहुधा' नाही, कुठे 'तपासावे' नाही. वरिष्ठांनी यादी चाळून "स्वच्छ काम" असा शेराही मारला. ती स्वच्छता पुढे ज्यांना निस्तरावी लागली ती माणसं वेगळी होती. शेरा मात्र माझ्या नावावर राहिला.

काम काय असतं ते आधी सांगते. एखाद्या घरातून खासगी कागद आमच्या अभिलेख संस्थेत येतात ते पत्र्याच्या ट्रंकेतून, पोत्यातून, कधी साड्यांच्या खोक्यांतून. ते झाडून घ्यायचे, कसर-वाळवी आहे का बघायचं, गंजक्या टाचण्या काढायच्या, घड्या उलगडायच्या, गट पाडून आम्लविरहित फोल्डरमध्ये ठेवायचे, फोल्डर पेटीत घालायचे आणि पेटीवार यादी करायची. इथवरचं काम माझं. मग संग्रह अंतिम विभागाकडे जातो. तिथे कायमचे क्रमांक पडतात, लेबलं लागतात, नोंदी संगणकावरच्या सूचीत चढतात, स्कॅनिंग होतं, गोदामात जागा ठरते. त्यानंतर कुठे वाचकाच्या हातात कागद पडतो. या दोन टप्प्यांच्या मधलं देणं-घेणं कसं करावं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पेट्या ढकलगाडीवर ठेवायच्या, यादी ईमेल करायची, पोच घ्यायची, झालं.

संग्रह होता पुण्यात नारायण पेठेत राहणाऱ्या एका शिक्षकाचा. कुटुंबाची इच्छा म्हणून नाव लिहीत नाही. वडिलांची मोडीतली पत्रं आणि रोजकीर्दी, स्वतःच्या शाळेचे कागद, बेचाळीसच्या धामधुमीतल्या काही चिठ्ठ्या, संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली सायक्लोस्टाइल पत्रकं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पत्रव्यवहार. त्यांना घरात आणि बाहेर सगळे अण्णा म्हणत. हे 'अण्णा' पुढे महागात पडलं. पण आधी तारखा.

मोडी पत्रांचं लिप्यंतर बाहेरच्या एका जाणकारांनी करून दिलं होतं. त्यात तिथी, पक्ष, महिना, शके सगळं व्यवस्थित. इसवी सन मात्र मी घातला. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेतलं गणित. एक्सेलमध्ये एक सूत्र टाकलं आणि रकाना खालपर्यंत ओढला. शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन बदलतो जानेवारीत, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ७८ नाही, ७९ मिळवावे लागतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पौषातल्या पत्रांपाशी मी थबकलेही होते. पौषाचे काही दिवस डिसेंबरात पडतात, काही जानेवारीत, आणि नेमकं कुठलं साल धरायचं ते त्या वर्षाचं पंचांग उघडल्याशिवाय कळत नाही. 'नंतर बघू' म्हणून पुढे गेले. नंतर काही बघितलं नाही, आणि यादीत साल ठणठणीत छापलं गेलं.

अंतिम विभागात सूची चढवणाऱ्या बाईंनी ते पकडलं. माघ वद्य, शके १८५२ च्या एका पत्राचा सारांश मीच लिहिला होता. सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी दिल्याचा त्यात उल्लेख, आणि शेजारच्या रकान्यात साल १९३०. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली १२ जानेवारी १९३१ रोजी. सोलापुरात मार्शल लॉ लागला तोच मुळी मे १९३० मध्ये. बाई सोलापूरच्या. फोनवर एवढंच म्हणाल्या, "मॅडम, तुमच्याकडे बातमी आधी आलीय आणि घटना नंतर."

चूक दुरुस्त करणं अवघड नव्हतं. जुनी पंचांगं काढली, पौष ते फाल्गुनच्या तारखा पुन्हा लावल्या. खरी अडचण वेगळीच होती. यादीत कुठेच शंका नोंदलेली नसल्यामुळे कुठल्या तारखांवर भरवसा ठेवायचा हे बाईंना कळेना. त्यांनी सगळ्याच तपासायला घेतल्या, मोडीबाहेरच्यासुद्धा. ज्या चार-दोन ठिकाणी मी थबकले होते तिथे साध्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं असतं, तर बाकीची यादी त्यांनी डोळे झाकून चढवली असती. शंका लपवली की तिची लागण खात्रीच्या नोंदींनाही होते. हे मला त्यांच्या त्या आठवड्यातल्या चेहऱ्यावरून कळलं.

क्रमांकांचा गोंधळ थोडक्यात सांगते. मांडणी पक्की होण्याआधीच मी फोल्डरांवर आकडे घातले होते. मधेच एक जाड गठ्ठा सापडला म्हणून २३ च्या पुढे '२३ अ', '२३ ब' आले, पुढे '२३ ब (जादा)' सुद्धा. स्कॅनिंगमध्ये फाइलचं नाव फोल्डरच्या क्रमांकावरून पडतं, त्यामुळे संगणकाने '२३ ब (जादा)' कुठे नेऊन ठेवलं ते शोधण्यात त्यांची एक दुपार गेली. शिवाय 'संकीर्ण' नावाची एक पेटी होती, जिच्यात मला निर्णय घ्यायचा कंटाळा आला ते सगळं होतं. प्रत्येक संग्रहात अशी एक पेटी असते आणि ती लावणाऱ्याबद्दल खूप काही सांगते.

आता अण्णा.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा या घरात पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या फळीवर फायली उभ्या लावलेल्या होत्या, त्या अर्ध्या बुडाल्या. घरच्यांनी नंतर गच्चीत कागद वाळवले. आजही त्यातलं प्रत्येक पान हातात घेतलं की खालच्या भागात पिवळट तपकिरी डाग दिसतो, आणि जिथे पाणी थांबलं तिथे गडद, किंचित नागमोडी रेघ. रेघेखाली कागद बोटांना खरखरीत लागतो, गाळाचे बारीक कण अजून अडकलेले आहेत. रेघेच्या वर तोच कागद गुळगुळीत. शाई रेघेपाशी पसरून निळसर झालेली. फायली थोड्या कलून उभ्या असाव्यात, कारण एका पानावरून दुसऱ्यावर जाताना रेघ हळूहळू तिरपी होत जाते. म्हणजे पानं विस्कटली तरी नुसत्या रेघेवरून ती ओळीने लावता येतील. हे मी पाहिलं होतं. सहकाऱ्यांना बोलावून कौतुकाने दाखवलंही होतं. यादीत 'पुराच्या पाण्याने डागाळलेले' एवढंच लिहिलं, आणि पत्रं तारखेनुसार लावून टाकली.

पत्रव्यवहारात एका जिवलग मित्राचा भाग मोठा होता. अण्णांनी मित्राला लिहिलेली आणि मित्राने अण्णांना लिहिलेली, दोन्ही बाजूंची पत्रं हाताशी. असं क्वचित मिळतं. मी ती तारीखवार एकाआड एक लावली. वाचताना खरंच संवाद ऐकल्यासारखा वाटे, आणि त्या मांडणीवर मी फार खूश होते. अण्णांनी पाठवलेली पत्रं अण्णांच्याच घरी कशी, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. खरं तर पडला होता, आणि उत्तरही ठाऊक होतं. मित्र वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी त्यांच्याकडची सगळी पत्रं एका कापडी पिशवीत घालून अण्णांकडे परत पाठवली होती. ती पिशवी ट्रंकेतून मीच बाहेर काढली. तिच्यात फक्त अण्णांची पत्रं नव्हती, त्या मित्राला इतरांनी लिहिलेली पत्रंही होती. मी पिशवी रिकामी केली, पत्रं आपापल्या तारखांना नेऊन ठेवली, पिशवी 'वस्तू' म्हणून वेगळी नोंदली. दोन घरांचे कागद एका फाइलमध्ये मिसळले आणि त्याचं टिपण कुठेच केलं नाही.

आमच्याकडे स्कॅनिंग करणारा मुलगा कंत्राटी. विशी-बाविशीचा, कॉमर्सचा पदवीधर, इतिहासाशी संबंध नाही. एके दिवशी तो पत्रांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, हे सगळं एकाच घरातलं ना? मग काही पत्रांना डाग आहे आणि मधलीच काही एकदम कोरी कशी? पाणी बघून-बघून शिरलं का?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "हे 'तीर्थरूप अण्णांस' म्हणजे कुठले अण्णा?"

मी म्हटलं, अण्णा म्हणजे अण्णाच, ज्यांचा संग्रह आहे ते. पण त्याने पुढे केलेलं पत्र कोरं होतं, १९५८ चं, आणि त्यात लिहिणाऱ्याने चौकशी केली होती ती मित्राच्या बायकोच्या संधिवाताची. मित्रालाही त्याच्या घरात अण्णाच म्हणत होते. मराठी घरांत अण्णा, तात्या, भाऊ, नाना किती असतात हे मला कुणी सांगायला नको होतं. माझ्या आजोळी दोन आहेत.

पुराआधीच्या पत्रांचं निभावलं. डाग असेल तर नारायण पेठेतल्या अण्णांचं, नसेल तर मित्राच्या घरून पिशवीतून आलेलं. पूर ही आमची एकमेव साक्ष. पण जुलै १९६१ नंतरच्या पत्रांना डाग कुणालाच नाही. 'तीर्थरूप अण्णांस सा. न. वि. वि.' अशी सुरुवात आणि खाली नुसती सही. मजकुरावरून काही उलगडली. बाकीच्यांसाठी पाकिटावरचा पत्ता हवा होता. पाकिटं आहेत सगळी, मीच जपून ठेवली आहेत, 'रिकामी पाकिटे' या फोल्डरमध्ये, पत्रांपासून वेगळी करून, तिकिटांच्या किमतीप्रमाणे लावून. ते करताना कुठलं पाकीट कुठल्या पत्राचं हे लिहून ठेवलं नव्हतं. बाई आणि तो मुलगा मिळून घडीचं माप, शाईचा रंग, पोस्टाच्या शिक्क्याची तारीख बघून बरीच पाकिटं पत्रांना परत जुळवू शकले. काही पत्रं कायमची अनाथ राहिली. ती कुठल्या अण्णांची हे आता कुणी सांगू शकणार नाही, आणि पिशवी होती तशी ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

कागद ज्या क्रमाने आले तो क्रम मोडू नये, हा या व्यवसायाचा पहिला धडा. म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या तिघा डच अभिलेखपालांनी १८९८ मध्येच तो पुस्तकात मांडून ठेवला. आपल्याकडे पेशवे दप्तरात काम केलेल्या कुणालाही रुमालाचं महत्त्व सांगावं लागत नाही. कागद रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, असतो आणि रुमाल क्रमांक हाच त्याचा पत्ता असतो. हे सगळं मी नवख्यांना शिकवत असे. क्रम मोडायचाच नाही असंही नाही, कित्येकदा घरातून कागद येतात तेव्हा क्रम म्हणावा असं काही उरलेलंच नसतं. पण मोडला तर आधी कसा होता ते लिहून द्यायला हवं. मी निर्णय पुढे दिला आणि त्याच्या मागची माहिती माझ्याच डोक्यात ठेवून घेतली.

टाचण्यांचंही तेच. गंजलेल्या टाचण्या काढल्या हे योग्यच. मार्क ग्रीन आणि डेनिस माइस्नर या अमेरिकन अभिलेखपालांनी २००५ मध्ये एका गाजलेल्या लेखात म्हटलं होतं की एकेक टाचणी उपटत बसण्यापेक्षा साठलेले संग्रह लवकर वाचकांपर्यंत न्या. थंड, कोरड्या गोदामात ते पटतं. पुण्याच्या आषाढातल्या हवेत मी तो सल्ला पाळणार नाही. पण टाचणी काढल्यावर कुठली पानं एकत्र होती ते सांगणारी कागदाची पट्टी मी गुंडाळली नव्हती. त्या मुलाने गंजाचे दोन ठिपके दोन ठिपक्यांवर ठेवून, उजेडात धरून, पानं जुळवली. मी ते तासभर बघत होते.

एका पत्रलेखिकेच्या नोंदीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. अण्णांची एक विद्यार्थिनी लग्नाआधी त्यांना पत्रं लिहायची, लग्नानंतरही लिहीत राहिली. लग्नात आडनावाबरोबर नावही बदललं. यादीत मी दोन वेगळ्या स्त्रिया नोंदल्या. एकीची पत्रं अचानक थांबतात, दुसरीची काही महिन्यांनी अचानक सुरू होतात, आणि दोघीही 'र' चा उकार सारखाच काढतात. मला ते जाणवलं होतं, पण 'खात्री नाही' म्हणून लिहिलं नाही. खात्री नव्हती म्हणूनच लिहायला हवं होतं. माझं स्वतःचं नाव लग्नात तांदळात लिहून बदललेलं आहे, त्यामुळे इथे अजाणतेपणाची सबबही मला नाही.

आणि जी चूक खरोखर अंगाशी आली असती ती एका पिवळ्या चिठ्ठीची. घरातल्या एका व्यक्तीच्या मानसिक आजाराबद्दलची काही पत्रं होती. कुटुंबातल्या एका काकूंनी फोनवर सांगितलं होतं, ती व्यक्ती हयात आहे तोवर ही कुणाला दाखवू नका. मी हो म्हटलं. ते दानपत्रात लिहून घेतलं नाही, यादीतही घातलं नाही, कारण यादी वाचकांना दिसणार होती. फोल्डरला चिकटणारी चिठ्ठी लावली, 'स्कॅन करू नये'. असल्या चिठ्ठीचा गोंद कागदावर राहतो, म्हणून ती आमच्याकडे वर्ज्यच असते, पण मी फोल्डरच्या बाहेरून लावली म्हणून स्वतःला माफ केलं होतं. ढकलगाडीवरून जाताना केव्हातरी ती गळून पडली. पत्रं स्कॅन झाली, बाकीच्यांसारखीच नीट, तीनशे डीपीआयला. वाचनकक्षाच्या संगणकावर जाण्याआधीच्या शेवटच्या तपासणीत बाईंना मजकूर वाचून शंका आली आणि त्यांनी फोन केला. स्कॅन पुसले, राखीव प्रती शोधून त्याही पुसल्या. काकूंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला, फार काही बोलल्या नाहीत. दानपत्राला पुरवणी जोडून त्यावर त्यांची सही घेतली ती त्या दिवशी.

या सगळ्यात अंतिम विभागाची चूक एकही नाही, आणि तरी उशीर झाला तेव्हा अहवालात 'अंतिम विभागाकडे प्रलंबित' असं लिहिलं गेलं. संस्थेच्या स्मरणिकेत संग्रह लावणाऱ्याचं नाव छापून येतं, स्कॅन करणाऱ्याचं येत नाही. तो प्रत्येक पान सारख्याच लक्षाने बघतो, कारण त्याला प्रत्येक पान काचेवर ठेवावंच लागतं. मी महत्त्वाची पानं बघत होते. डाग कुणाला आहे आणि कुणाला नाही हे दिसायला सगळीच पानं बघावी लागतात. त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही. सूचीच्या प्रस्तावनेत त्याचं नाव घालावं म्हणून मी टिपण दिलं, ते अजून टेबलावरच आहे.

आता मी संग्रह देते तेव्हा पेट्यांबरोबर मीही जाते. पहिली पेटी बाईंच्या टेबलावर उघडून दोघी बसतो. यादीत एक रकाना वाढला आहे, 'शंका', तो वाचकांना दिसत नाही. दाखवायचे नाहीत असे कागद कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते तिथे लिहितो, दानपत्रातल्या कलमाच्या क्रमांकासह, आणि फोल्डरच्या आत पूर्ण आकाराचा कागद घालतो, जो गळून पडू शकत नाही. फोल्डरांवरचे आकडे शेवटपर्यंत पेन्सिलीत. वरिष्ठांना शंकेचा रकाना आवडत नाही, काम अर्धवट वाटतं म्हणतात. त्या रकान्यावरून आमचे खटके उडतात.

तुमच्या घरी माळ्यावर अशी ट्रंक असेल आणि ती कधीतरी कुठल्या संस्थेला द्यायचा विचार असेल, तर एवढं करा. आवरून देऊ नका. पिशव्या, दोऱ्याने बांधलेले गठ्ठे, पाकिटं, सगळं आहे तसं द्या, तारखेप्रमाणे लावायची हौस आवरा. कुठलं कुणाला दाखवायचं नाही ते तोंडी सांगू नका, दानपत्रात लिहून घ्या. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसून अण्णा कोण, बेबी कोण, पुण्याचे तात्या कुठले आणि वाईचे कुठले, याचा एक कागद करून ट्रंकेत ठेवा. जिथे त्यांनाही नक्की आठवत नसेल तिथे तसं लिहा. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको.